आधी पाणी, मग मासे: छोट्या माशांची निवड आणि निगा

छोटे मासे म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरच्या आतच राहणारे: टेट्रा, रास्बोरा, डॅनिओ, गप्पी, छोटे कोरी (तळाशी राहणारे मिशांचे मासे). यांना जागा कमी लागते हे खरं, पण म्हणून ते सोपे आहेत असं धरून चालू नये. टाकी जितकी लहान तितकं पाणी लवकर बिघडतं, आणि मासा जितका लहान तितका तो बिघाड कमी वेळ सोसतो. २०० लिटरच्या टाकीत मेलेला मासा दिवसभर राहिला तरी बहुधा निभावतं. २० लिटरमध्ये तोच एक मासा बाकीच्यांना सोबत घेऊन जातो.

बहुतेक लोक आधी मासा पसंत करतात, मग त्याच्यासाठी टाकी घेतात आणि मासे मरायला लागले की पाण्याकडे वळतात. हा क्रम उलटा केला तर निम्म्याहून जास्त अडचणी उद्भवतच नाहीत. त्यामुळे या लेखात मासे बरेच उशिरा येतात.

नळाचं पाणी तपासणं

थेंबांची टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांवर झटपट अंदाज येतो, पण अमोनियासारख्या विषारी गोष्टीत ०.२५ आणि १ पीपीएम (साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) यातला फरक कळायला हवा, तो पट्टीवर नीट दिसत नाही. सुरुवातीला तीन गोष्टी पाहायच्या: पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते), जीएच आणि केएच. पीएच तपासण्याआधी पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवा. नळाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर जो आकडा येतो, तोच टाकीत राहणार असतो.

जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे आपण ज्याला जडपणा म्हणतो ते. १ अंश जीएच म्हणजे सुमारे १७.९ पीपीएम. केएच म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, जे पीएचला जागेवर धरून ठेवतं. केएच ३ अंशांच्या खाली असेल तर काही आठवड्यांत पीएच अचानक कोसळू शकतो. केएच जास्त असेल तर पीएच खाली आणण्याच्या बाटल्या काही उपयोगाच्या नसतात. त्या ओतल्या की पीएच उतरतो, दुसऱ्या दिवशी परत वर येतो आणि मासे दोन्ही वेळा झटका खातात. ७.८ वर स्थिर असलेलं पाणी रोज ६.८ ते ७.६ झुलणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. पाण्याशी झगडण्यापेक्षा त्याला मानवणारा मासा निवडावा.

जीएच ८ च्या आत असेल तर टेट्रा, रास्बोरा आणि छोटे गौरामी छान राहतात. १० च्या वर असेल तर गप्पी, एंडलर, प्लॅटी. मधल्या पाण्यात दोन्हीकडचे चिवट मासे चालतात, कारण बाजारात येणारे बहुतेक टेट्रा शेततळ्यात वाढलेले असतात आणि रानातल्या पूर्वजांइतके नाजूक नसतात. बोअरिंगचं पाणी असेल तर नायट्रेटही (ते काय ते पुढे सायकलिंगमध्ये येतं) तपासून घ्या. काही ठिकाणी ते उपशातूनच ४० पीपीएम येतं आणि मग कितीही पाणी बदललं तरी उतरत नाही.

नळाचं पाणी २४ तास उघड्यावर ठेवून त्यात हवेचे बुडबुडे सोडले की क्लोरीन निघून जातं. क्लोरामीन (जंतू मारायला पाण्यात घालतात ते क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तसं जात नाही. तुमच्याकडे कोणतं वापरतात याची खात्री नसेल तर दोन्हींवर काम करणारं डिक्लोरिनेटर (क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावण) प्रत्येक वेळी वापरा. पाणी थेट टाकीत भरणार असाल तर डोस भरायच्या पाण्याच्या नव्हे, संपूर्ण टाकीच्या मापाने घाला.

टाकी आणि तिच्यातलं सामान

पहिली टाकी ६० × ३० × ३० सेंटिमीटरची घ्या. काचेच्या मापाने ती ५४ लिटरची होते. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास उरतं. औषधाचा डोस नेहमी या ४५ वर काढायचा, ५४ वर नाही. गोल काचेचं भांडं विसरा. त्यात पोहायला लांबी नसते, फिल्टर बसत नाही आणि वर निमुळतं असल्यामुळे हवा मिळायला पृष्ठभागही कमी पडतो.

भरलेली टाकी खडीसकट ६५ ते ७० किलोंच्या घरात जाते. स्टँड पातळीत आहे का ते स्पिरिट लेव्हलने पाहा. टाकीखाली ५ ते १० मिलिमीटर जाडीचा फोम किंवा थर्मोकोल टाका. मात्र खाली प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीला तो लागत नाही. थेट ऊन येणाऱ्या खिडकीजवळ टाकी नको. खडी टाकण्याआधी नुसतं पाणी भरून २४ तास गळती पाहून घ्यावी.

खडी २ ते ३ मिलिमीटरची, थर ४ ते ५ सेंटिमीटर. या टाकीला ११ ते १३ किलो लागते. कोरी ठेवायचे असतील तर निदान पुढच्या भागात बारीक वाळू टाका, कारण ते तोंडाने वाळू उपसून खाणं शोधतात आणि टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. बाहेरून आणलेल्या दगडावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा आहे आणि पाणी जड करत राहील. शंख, शिंपले आणि पोवळ्याचे तुकडेही तेच करतात. गप्पींच्या टाकीत ते चालतील, टेट्रांच्या नाही.

छोट्या माशांसाठी एअर पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरला तोड नाही. तो पिल्लांना ओढून घेत नाही, त्याचा प्रवाह सौम्य असतो आणि बिघडण्यासारखं त्यात जवळपास काही नसतं. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. मागे टांगायचा फिल्टर घेतला तर तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरवणारा पुरे. त्याच्या तोंडावर स्पंजची टोपी चढवा, नाहीतर दोन सेंटिमीटरचा मासा एखाद्या रात्री तिथे अडकलेला सापडेल.

हीटर लिटरला साधारण १ वॉट, म्हणजे इथे ५० वॉटचा. खोलीचं तापमान वर्षभर २४ ते २८ अंशांत राहत असेल तर तो लागणारही नाही. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. त्यात गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन जास्त लागतो. अशा वेळी एअर पंपाची हवा वाढवा आणि पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फाचे खडे टाकू नका. आणि टाकीला झाकण हवंच. डॅनिओ, रास्बोरा, बेट्टा, सगळे उडी मारतात.

झाडं पहिल्या दिवसापासून लावा. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचे. त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं की कुजतं; नव्या लोकांची ही झाडं मरतात ती बहुतेक याच कारणाने. व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीन मुळांसकट खडीत लावा. क्रिप्टोची पानं पहिल्या दोन आठवड्यांत गळून पडली तरी झाड उपटू नका, नवी पानं येतात. दिवा सहा ते आठ तास, टायमरवर.

सायकलिंग: ज्याला वेळ द्यावाच लागतो

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. फिल्टरमधले एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. पाणी चार दिवस ‘मुरवून’ ते येत नाहीत, कारण त्यांना खायला अमोनिया लागतो आणि नुसत्या पाण्यात तो नसतो. दुकानातून आणलेले मासे पाचव्या ते पंधराव्या दिवशी एकामागून एक जातात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे मासे आणण्याआधी जिवाणूंना बाहेरून अमोनिया देऊन त्यांना वाढवायचं. यालाच सायकलिंग म्हणतात.

१. टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा. तापमान २६ ते २८ अंश ठेवा.

२. १० ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा आणि बाटलीवर नाव लिहा. या द्रावाचे २८ मिलिलिटर ४५ लिटर पाण्यात घातले की अमोनिया जवळपास २ पीपीएम होतो. घरसफाईचा अमोनिया वापरणार असाल तर त्यात साबण किंवा सुगंध नको. बाटली हलवल्यावर फेस टिकला तर ती बाजूला ठेवा.

३. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. पहिला आठवडा-दहा दिवस काहीच घडत नाही असं वाटेल. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसतं.

४. अमोनिया ०.५ च्या खाली आला की परत २ पर्यंत न्या. नायट्राइट ५ पीपीएमच्या वर गेलं तर निम्मं पाणी बदला, नाहीतर गाडी तिथेच अडकते.

५. पीएच ६.५ च्या खाली घसरला तर जिवाणू मंदावतात. हे जिवाणू काम करताना केएच खातात, त्यामुळे मऊ पाण्यात हे हमखास होतं. ४५ लिटरला दीड ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच साधारण १ अंश वाढतो.

६. सकाळी २ पीपीएम अमोनिया घालून दुसऱ्या सकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, म्हणजे फिल्टर तयार. ७० ते ८० टक्के पाणी बदला आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. मासे आणणं लांबलं तर रोज थोडा अमोनिया घालत राहा, जिवाणूंना उपाशी ठेवू नका.

याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या निरोगी, चालू टाकीतल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर हा काळ एक-दोन आठवड्यांवर येतो. बाटलीतल्या जिवाणूंचा गुण कधी येतो, कधी येत नाही. ते घातले तरी सहाव्या पायरीची चाचणी पार झाल्याशिवाय मासा आणू नका. याच काळात पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. ते वेगळे जिवाणू असतात, आपोआप ओसरतात. पाणी बदलत बसलं की उलट लांबतं.

मासे आधीच घरात असतील आणि टाकी कच्ची, म्हणजे सायकलिंग न झालेली असेल तर? रोज चाचणी करा, अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ दिसलं की निम्मं पाणी बदला, आणि खाणं एक दिवसाआड, चिमटीभरही नाही इतकं द्या. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं. मासे पृष्ठभागाशी धापा टाकतात. १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घातलं की त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दारातच अडवतं. अमोनियावर मात्र मिठाचा उपयोग नाही. त्याचं विष पीएचवर ठरतं: २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. जड पाण्यातली कच्ची टाकी मासे लवकर मारते ती यामुळे.

कोणते मासे

लिटरमागे एक सेंटिमीटर मासा हा हिशेब कानावर येतो. एकाच मापाच्या बारीक माशांना तो ढोबळमानाने चालतो, बाकी ठिकाणी फसतो. खरे प्रश्न वेगळे आहेत: हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, थव्याने राहतो का, पाण्याच्या कोणत्या थरात फिरतो, आणि त्याच्या तोंडात शेजारी मावतो का.

पहिला प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. दुकानात पाच सेंटिमीटरचे दिसणारे कितीतरी मासे ही पिल्लं असतात. काच चाटणारा साधा प्लेको ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो. बाला शार्कही ३० च्या घरात. गोल्डफिश छोट्या टाकीचा मासा नाहीच. पश्चिम घाटातला डेनिसन बार्ब, ज्याला मिस केरला म्हणतात, तो ११ ते १५ सेंटिमीटर होतो, थव्याने वेगात पोहतो, आणि निसर्गात संकटग्रस्त आहे. पाण्यातल्या जागेअभावी ‘वाढ टाकीएवढीच होते’ हे जे सांगितलं जातं, त्यात मासा खुरटतो आणि लवकर मरतो, एवढंच खरं.

थव्याचे मासे सहाच्या खाली घेऊ नका, आठ-दहा घेता आले तर उत्तम. तीन निऑन टेट्रा कोपऱ्यात दबून राहतात, दहा असले की मोकळे फिरतात. भांडखोर जातींत तर संख्या वाढवली की चावेचावी थव्यातच वाटली जाते.

४५ लिटर मऊ पाण्यासाठी एक चांगली जुळणी: १० एंबर टेट्रा, ६ पिग्मी कोरी आणि १ हनी गौरामी. एंबर टेट्रा दोन सेंटिमीटरचा, केशरी, मधल्या थरात राहतो. पिग्मी कोरी तळाशी आणि मधेही फिरतो. इतर कोरींसारखा नुसता खाली बसून राहत नाही. हनी गौरामी वरच्या थरात. ड्वार्फ गौरामी रंगाने जास्त झगझगीत, पण त्या जातीत एक असाध्य विषाणू बराच पसरलेला आहे, म्हणून हनीला पसंती. एंबरऐवजी ८ हार्लेक्विन रास्बोराही चालतात.

जड पाण्यासाठी: ८ नर एंडलर किंवा ६ नर गप्पी, सोबत दोन-तीन नेराइट गोगलगाई. फक्त नर. एक मादी साधारण दर चार आठवड्यांनी २० ते ५० पिल्लं देते आणि नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते. नर नसलेल्या टाकीतही ती व्यायची थांबत नाही. नर ओळखायला पोटाखालचा पर पाहा, नराचा काडीसारखा लांबट असतो, मादीचा पंख्यासारखा. मादी हव्याच असतील तर एका नरामागे दोन-तीन घ्या, आणि पिल्लांचं काय करायचं ते आधी ठरवा.

निऑन आणि कार्डिनल यांत गोंधळ होतो. निऑनची लाल पट्टी शरीराच्या मागच्या अर्ध्या भागातच असते, कार्डिनलची डोक्यापासून शेपटीपर्यंत. निऑनला २२ ते २६ अंश मानवतात, कार्डिनल २८ सुद्धा सहज सोसतो. गरम खोलीत कार्डिनल घ्यावा. पण दोघेही पहिल्या महिन्यात मरायला तयार असतात, म्हणून टाकीतले पहिले मासे म्हणून नकोत. व्हाइट क्लाउड मिनो हा सुंदर आणि चिवट मासा १८ ते २२ अंशांचा. उष्ण प्रदेशात त्याच्या वाटेला जाऊ नये.

२० ते २५ लिटरच्या टाकीत एक बेट्टा, एकटा. आरशासमोर फुगतो म्हणून त्याला आरसा दाखवत बसू नका. गप्पींसोबत ठेवला तर त्यांच्या शेपट्या त्याला दुसरा नर वाटतात.

काही मासे लहान आहेत पण नवशिक्यांचे नाहीत. बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा पी पफर पश्चिम घाटातला. शेजाऱ्यांचे पर कुरतडतो आणि सुकं खाणं बहुतेक नाकारतो. स्कार्लेट बॅडिस ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, त्यालाही जिवंत खाणंच हवं. शेवाळ खाणारा ओटोसिंक्लस निदान तीन महिने जुन्या टाकीत सोडावा, नाहीतर उपाशी मरतो. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा लांब पराच्या माशांसोबत कधीही नकोत. रंग टोचलेले मासे तर मुळीच घेऊ नका. काचमाशाच्या अंगातले गुलाबी-हिरवे पट्टे सुईने भरलेले असतात, रंग काही महिन्यांत उडतो आणि जखमेतून रोग शिरतो.

दुकानात काय पाहायचं

एका माशाकडे नको, आधी अख्ख्या टाकीकडे पाहा. तळाशी एखादा मेलेला मासा, पर अंगाशी चिकटवून बसलेले मासे, अंग दगडाला घासणारे मासे दिसले तर त्या टाकीतून काहीच घेऊ नका. कितीही ठणठणीत दिसणारा असला तरी. पाणी निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर औषध चालू आहे, कशासाठी ते विचारा.

मग मासा. पोट आत गेलेलं नको, पाठीशी डोक्यामागे खड्डा नको. कणा सरळ, दोन्ही कल्ले सारख्या लयीत उघडझाप करणारे, डोळे स्वच्छ. थव्यापासून बाजूला तरंगणारा निऑन, ज्याच्या लाल पट्टीत पांढुरके डाग आहेत, तो बहुधा निऑन रोगाचा. त्याला इलाज नाही आणि तो पसरतो. माशांना समोर खाणं टाकायला सांगा. न खाणारा मासा घेऊ नका. कालच आलेली खेप असेल तर आठवड्याने या; जे मरायचे ते तोवर मरतात.

पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. गडद कापडात गुंडाळून न्या.

घरी आणल्यावर

टाकीचा दिवा बंद करा. पिशवी १५ ते २० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी तिच्यात घाला, अर्धा-पाऊण तास. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत अजिबात ओतायचं नाही.

एक अपवाद आहे. मासे पिशवीत दिवसभर प्रवास करून आले असतील तर हा सावकाश प्रकार नको. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. अशा वेळी तापमान जुळवून झालं की पिशवी उघडा आणि मासे लगेच बाहेर काढा.

पहिली तुकडी वगळता प्रत्येक नवा मासा तीन ते चार आठवडे वेगळा ठेवा. २० लिटरचा प्लास्टिकचा डबा, मुख्य टाकीत आधीपासून चालवलेला जादा स्पंज फिल्टर, लपायला पाईपचा तुकडा, एवढंच लागतं. मुख्य टाकीत मासे एकदम भरू नका. आधी थव्याचे, दोन आठवड्यांनी तळाचे, शेवटी गौरामी किंवा बेट्टा, कारण जो आधी येतो तो जागेवर हक्क सांगतो.

खाणं

बारीक माशाचं तोंड बारीक असतं. अर्धा मिलिमीटरच्या आसपासचे मायक्रो पेलेट किंवा बोटांनी चुरलेले फ्लेक्स द्या. दिवसातून दोनदा, मिनिटा-दीड मिनिटात संपेल एवढंच. आठवड्यात एक दिवस उपास. कोरींसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर टाका. ‘वरच्यांचं उरलेलं’ त्यांना पुरत नाही. आठवड्यातून दोनदा आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं किंवा डॅफ्निया (पाणपिसू) दिला की रंग उजळतात. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारातून आलेले असू शकतात, टाळा. उघडलेला डबा तीन-चार महिन्यांत संपवा, नंतर त्यातली जीवनसत्त्वं गेलेली असतात.

आठवडाभर गावाला जाणार असाल तर निरोगी, पूर्ण वाढलेल्या माशांना उपाशी राहू द्या. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेलं मूठभर खाणं उपाशीपणापेक्षा घातक.

आठवड्याचं काम

नायट्रेट किती बनतं ते एकदा मोजा, म्हणजे किती पाणी बदलायचं ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. समजा आठवड्याला १० पीपीएमने वाढतं. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदललं तर बदलण्याआधीचा आकडा कालांतराने ४० वर स्थिरावतो. ५० टक्के बदललं तर २० वर. २० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. जमत नसेल तर मासे जास्त आहेत किंवा खाणं जास्त.

पाणी उपसण्याआधी हीटरचा प्लग काढा. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. सायफनने खडीचा एक-तृतीयांश भाग साफ करा, दर आठवड्याला वेगळा. फिल्टरचा स्पंज टाकीतून उपसलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा, नळाखाली कधीही नाही; क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी परत पहिल्या दिवसावर येते. स्पंज ‘नवा’ दिसेपर्यंत धुऊ नका. नवं पाणी टाकीच्या तापमानाच्या एक-दोन अंशांत असावं. मधल्या दिवसांत आटलेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे: वाफ जाते, क्षार मागेच राहतात.

महिनोन्महिने पाणी न बदललेली टाकी ताब्यात आली तर एकदम निम्मं पाणी बदलू नका. अशा पाण्याचा पीएच बराच उतरलेला असतो. रोज १० टक्क्यांनी सुरुवात करा.

आजार

मासा आजारी दिसला की औषधाच्या आधी चाचणी किट हातात घ्या. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर निम्मं पाणी बदला आणि एक दिवस थांबा. पर कुजणं बरेचदा एवढ्यानेच थांबतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इच. हा परजीवी अंगावर असताना किंवा तळाशी कवचात असताना औषधाला दाद देत नाही, फक्त पाण्यात मोकळा पोहताना मरतो. म्हणून तापमान दर काही तासांनी एकेक अंश चढवत ३० वर न्या म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं, हवा वाढवा, आणि औषध शेवटचा ठिपका गेल्यावरही चार-पाच दिवस चालू ठेवा. ठिपके गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी थांबलं की आठवड्याने दुप्पट येतात. मॅलाकाइट ग्रीनचं औषध टेट्रा आणि कोरींना लेबलवर सांगितल्याप्रमाणे कमी मात्रेत द्या. तांब्याचं औषध गोगलगाई आणि कोळंबी असलेल्या टाकीत नको.

ठिपके नसून अंगावर सोनेरी भुकटी दिसत असेल, टॉर्च तिरपा धरल्यावर चमकत असेल, तर तो व्हेल्वेट. त्याचा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो, म्हणून औषधासोबत टाकी अंधारात ठेवा. तोंडाभोवती पांढरा कापूस किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असेल तर ते बहुधा कॉलम्नारिस, बुरशी नव्हे. यात तापमान वाढवणं अगदी चुकीचं, उष्णतेत ते तासातासाला पसरतं. पाणी २३-२४ वर उतरवा, मासा वेगळा करा आणि जिवाणूंवरचं औषध माशांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या.

मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत घालू नका. फिल्टरमधल्या जिवाणूंना बाधतं आणि सिलिकॉन कायमचं निळं होतं. ते वेगळ्या डब्यासाठी. कोणतंही औषध सुरू करण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषून घेईल. उपचार संपल्यावर निम्मं पाणी बदलून ताजा कोळसा दोन-तीन दिवस चालवा, आणि त्यानंतर आठवडाभर अमोनिया रोज तपासा.